आकाशातून छप्पर दिसते, घर नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या राजांगणाच्या (म्हणजे मध्ये उघडा चौक असलेल्या) घरावर पानभर लेख छापला. लेख मन लावून लिहिलेला होता, फोटोही देखणे होते. तुळशीमागून काढलेला वसरीचा, म्हणजे पुढच्या पडवीचा, फोटो तर माझ्या बायकोने कापून ठेवला आहे. माझी तक्रार खाली डाव्या कोपऱ्यात छापलेल्या रेखाटनाबद्दल आहे. त्याखाली ओळ होती, ‘घराचा नकाशा : आकाशातून दिसणारे दृश्य’. मी 38 वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून पोट भरले. ती ओळ वाचली आणि चहा तसाच ठेवून पट्टी शोधायला उठलो.

आकाशातून घर दिसत नाही, संपादक महोदय. आकाशातून कौले दिसतात. आता लग्नातसुद्धा ड्रोन उडवतात, त्यातला एक त्या घरावर नेऊन बघा. चारी बाजूंची छपरे, मध्ये राजांगणाचे चौकोनी भोक, एखादी माडाची झावळी आणि पाण्याची टाकी, एवढेच हाती लागेल. भिंती, दारे, देवघर यांतले काहीही दिसणार नाही. तुम्ही जे छापले तो प्लॅन आहे, आणि प्लॅन हे कुणाच्याच डोळ्यांना दिसणारे दृश्य नसते. पर्राचे कलिंगड आडवे कापून वरचा अर्धा बाजूला ठेवला की आतले जे तोंड समोर येते, तसे ते आहे. जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवे कापले असे समजायचे, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि जे उरले ते काढायचे.

चार फूटच का? कारण त्या उंचीवर दारे कापली जातात आणि खिडक्याही. खिडकीचा कठडा तीन फुटांच्या आसपास असतो, म्हणजे सुरी त्याच्या थोडी वरून जाते. जे कापले गेले ते जाड रेघेने काढायचे: भिंती, खांब. जे कापले नाही पण खाली दिसते, म्हणजे उंबरठा, पायरी, सोपो (वसरीतली बांधीव बैठक), तुळशीचा चौथरा, ते बारीक रेघेने. सुरीच्या वर राहिलेले, जसे तुळया, माळा, उंचावरचे झरोके, ते तुटक रेघेने. फरशीखाली झाकलेलेही तुटक रेघेनेच. जिना अर्धवट चढून एका तिरप्या तुटीवर थांबतो, कारण पुढच्या पायऱ्या सुरीच्या वर गेल्या. दारापाशी पाव वर्तुळ असते. ते दार कोणत्या बाजूला उघडते हे सांगते. एवढे कळले की कोणाही माणसाला प्लॅन वाचता येतो. त्याला इंजिनियर व्हावे लागत नाही.

आता पट्टीचे सांगतो. तुमच्या चित्राखाली ‘प्रमाण 1:100’ असे बारीक अक्षरांत होते. म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर तर जागेवर एक मीटर. दर्शनी भिंतीवर 27.50 मीटर असा आकडा लिहिलेला दिसतो. मी मोजली तर छापलेली भिंत 11 सेंटिमीटर भरली. म्हणजे पानात बसवण्यासाठी चित्र लहान केले, प्रमाण झाले 1:250, आणि खालची अक्षरे मात्र तशीच राहिली. त्या अक्षरांवर विश्वास ठेवणाऱ्याला साडेसहा मीटरचे राजांगण 2.6 मीटरचे वाटेल, म्हणजे न्हाणीघराएवढे. झेरॉक्समुळेही हाच घोटाळा होतो, म्हणून आम्ही आकड्यांच्या जोडीला एक छोटी मोजपट्टी आखायचो. चित्र लहान झाले की पट्टीही तेवढीच लहान होते, आणि कागद खोटे बोलत नाही. उत्तर दाखवणारा बाणही तुमच्या चित्रकाराने कापला आहे. हल्ली वास्तुशास्त्राच्या भीतीने का होईना, लोक प्लॅनवर सर्वांत आधी उत्तर शोधतात. निदान त्यांची तरी दया यायला हवी होती.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, म्हातारा शब्दांचा कीस काढतो आहे. नकाशा म्हटले काय नि प्लॅन म्हटले काय. तसे असते तर मी पत्र लिहिले नसते. एका शब्दाने आमच्या घरात काय केले ते सांगतो.

1988 चा मे महिना. आमच्या मूळ घराचे वाटे व्हायचे होते. आजोबांचे चार मुलगे, त्यातले दोन वारलेले, माझे वडील त्यांपैकी एक. घरातच ड्राफ्ट्समन असताना बाहेरच्याला पैसे कोण देणार? काम माझ्याकडे आले. मी चौतीस वर्षांचा होतो आणि हाताला चांगले वळण आहे असा मला गर्व होता. थोरल्या काकांनी पेटाऱ्यातून एक जुना कागद काढून दिला. मागे कापड चिकटवलेले, घड्यांवर फाटलेले, वर ‘प्लांता’ असे वळणदार अक्षरांत. पोर्तुगीज काळातला. खोल्यांची नावे साला, क्वार्तु, कुझिन्य, मध्ये पातिउ, खाली एश्काला 1:100. मी शाळेत गेलो तो गोवा मुक्तीनंतर, त्यामुळे मला पोर्तुगीज येत नव्हते. पण खोल्या ओळखीच्या होत्या, नावे अंदाजाने लागली.

पातिउच्या ईशान्य कोपऱ्यातून एक तुटक रेघ निघून पूर्वेच्या दोन खोल्यांतून परसात गेली होती. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘कानु’. माझी समजूत झाली की कोणा कानूची ती जुनी वहिवाट असावी, कुळाची वगैरे. विचारायला वडील नव्हते. वाट्याच्या कागदावर कोणा कानूची वाट नको म्हणून ट्रेसिंग करताना मी ती रेघ सोडून दिली. जुना कागद हाती घेऊन घरभर टेप फिरवला, मापे जुळली, आणि रोट्रिंगच्या शाईपेनाने सुबक काम करून टाकले. एका ठिकाणी शाईचा थेंब पडला तो ब्लेडने असा खरवडला की कोणाला सापडू नये. तो थेंब मला अजून आठवतो. रेघ गाळल्याची मात्र तेव्हा मला खंतही वाटली नाही.

राजांगणाला मी काय नाव दिले? आमच्या ऑफिसात असल्या जागेला ‘ओ.टी.एस.’ लिहायचो, ‘ओपन टू स्काय’, म्हणजे वर आकाश मोकळे. तेच लिहिले. चौघांना समसमान क्षेत्रफळ मिळावे म्हणून वाट्याची रेघ त्या ओ.टी.एस.च्या मधून नेली. राजांगण लिहिले असते तर हात कचरला असता. राजांगणाचे दोन तुकडे कोण करील? ओ.टी.एस.चे करायला काही वाटले नाही.

सह्यांच्या दिवशी कागद वसरीच्या आतल्या चौकीत पसरला. पुरुष मंडळींनी माना डोलावल्या, क्षेत्रफळाचे आकडे पाहिले. धाकटी काकी चौथीपर्यंत शिकलेली. ती जवळ येऊन बसली आणि तिने मुख्य दारावर बोट ठेवले. मग बोटाने चालायला लागली. “ही वसरी. ही चौकी. इथे राजांगण. इथून मी डावीकडे वळते, इथे तुळस, इथे...” आणि वाट्याच्या रेघेपाशी बोट थांबले. “आणि इथून मी देवघरात कशी जाऊ रे?” कोणी तरी म्हणाले, काकी, बाहेरून जायचे, अंगणातून. ती काही बोलली नाही. सह्या झाल्या. आज मागे बघताना वाटते की त्या खोलीत प्लॅन वाचता येणारी ती एकटीच होती. आम्ही सगळे क्षेत्रफळ वाचत होतो.

पूर्वेकडच्या चुलतभावाने जूनच्या आधी आपल्या दोन खोल्यांत नवी फरशी घातली. राजांगणाच्या कोपऱ्यात एक भोक होते, त्यातून उंदीर येतात म्हणून ते सिमेंटने बुजवले. त्याचा काही दोष नाही. त्याच्या हातातल्या कागदावर तिथे काहीच नव्हते.

आता हिशेब बघा. आमचे राजांगण 6 मीटर बाय 5 मीटरचे. चारी बाजूंची छपरे आत उतरती, प्रत्येकाची आतली उतरण आडवी मोजली तर साडेतीन मीटर. म्हणजे 13 गुणिले 12, एकूण 156 चौरस मीटरवर पडणारे पाणी पागोळ्यांतून त्या चौकोनात येते. गोव्यात जुलैच्या एखाद्या दिवशी 100 मिलिमीटर पाऊस पडणे ही काही बातमी नव्हे. त्या एका दिवसाचे पाणी 15,600 लिटर. शेकडो वर्षे ते कुठे जात होते हा प्रश्न आम्हा कोणाला पडला नव्हता, कारण ते जात होते. त्या वर्षी ते कुठेच गेले नाही. रात्री अडीचच्या सुमारास माजघरात पितळी भांडी तरंगून एकमेकांवर आपटायला लागली, त्या आवाजाने घर जागे झाले.

सकाळी मेस्त, म्हणजे गवंडी, आला. म्हाताराच होता, आमच्या छपराचे नळे (कौले) दरवर्षी तोच परतायचा. त्याने माझा प्लॅन मागितला. मी मोठ्या ऐटीत त्याची छापील नक्कल, अमोनिया प्रिंट, दिली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, “उदक खंयच्यान वता, तें खंय आसा हातूंत?” पाणी कुठून जाते ते यात कुठे आहे. मग नवी फरशी फोडली. खाली चिऱ्यांनी बांधलेली, हात जाईल एवढी रुंद मोरी होती, थेट परसापर्यंत. नंतर शेजारच्या वृद्ध मास्तरांना, ते लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलेले, मी तो जुना कागद दाखवला. ते हसले. म्हणाले, अरे, कानु म्हणजे नळ, पन्हळ. माणूस नव्हे.

म्हणून म्हणतो, शब्दांचा कीस काढावाच लागतो. रेघ गाळली ती शब्द कळला नाही म्हणून. राजांगण कापले ते शब्द बदलला म्हणून.

आता आपल्या मराठी शब्दांकडे येतो. ‘नकाशा’ हा जमिनीचा. सर्व्हे प्लॅनला लोक नकाशा म्हणतात ते ठीक, त्यात हद्दी असतात, घर आले तर एक रिकामा चौकोन म्हणून येते. ‘आराखडा’ हा शब्द गोव्यात प्रादेशिक आराखड्याच्या आंदोलनांनी इतका वापरला आहे की घराच्या संदर्भात उच्चारला तरी मोर्चा निघेलसे वाटते. पुस्तकी मराठीत ‘तलविन्यास’ आहे. देवळांवर लिहिणारे अभ्यासक तो वापरतात, ‘तलच्छंद’ही म्हणतात. मला शब्द आवडतो, पण खरे सांगायचे तर 38 वर्षांत ऑफिसात तो मी एकदाही ऐकला नाही. गवंडी म्हणायचे प्लॅन, साहेब म्हणायचे प्लॅन, घरमालकही प्लॅनच म्हणायचा. आपण प्लॅन छापा, चालेल. देवळाबद्दल लिहाल तेव्हा तलविन्यास शोभेल.

रोमन स्थपती विट्रुव्हियस ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात होऊन गेला. तो या रेखाटनाला ‘इक्नोग्राफिया’ म्हणतो. ग्रीकमध्ये ‘इक्नोस’ म्हणजे पाऊलखूण. घराने जमिनीवर उमटवलेले पाऊल. मला हा अर्थ कळला तेव्हा धाकट्या काकीचे बोट डोळ्यांसमोर आले. आपल्याकडचे काम तरी वेगळे कुठे आहे? पाया खणण्याआधी मेस्त खुंट्या मारतो, दोरी ताणतो, एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजून तिरपे 5 भरतात का बघतो, म्हणजे कोपरा गुण्यात आला, आणि मग दोरीखालून चुन्याची फक्की टाकतो. त्या पांढऱ्या रेघा म्हणजे खऱ्या मापाचा, एकास एक प्रमाणाचा प्लॅन. घराची बाई त्या फक्कीच्या आत उभी राहून ‘एवढेच स्वयंपाकघर?’ असे विचारते, तो प्रश्नही प्रत्येक वेळी ऐकला आहे. छपराशिवाय खोली लहानच वाटते, हे तिला पटवण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

प्लॅनमध्ये जे कळते ते फोटोत कळत नाही, हेही आपल्या पुरवणीच्या संपादकांना सांगावेसे वाटते. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाचे फोटो आपण दर पावसाळ्यात छापता. कदंब काळातले ते बेसाल्टचे देऊळ. पण गर्भगृह, अंतराळ आणि मंडप ही तीन अंगे एका ओळीत कशी बसवली आहेत ते फोटोत नाही दिसत. प्लॅन पाहिला की दोन मिनिटांत कळते. ओल्ड गोव्यात बॉम जेझूच्या दाराशी उभे राहा. 1605 मध्ये पूर्ण झालेले ते चर्च क्रूसाच्या आकाराचे आहे हे समोरून कळत नाही. त्याहून गंमत सेंट कॅजेटनची. बाहेरून सरळ आयत, आत ग्रीक क्रूस. ही चोरी फक्त प्लॅनमध्ये पकडली जाते.

आणि प्लॅनमध्ये जे येत नाही तेही लक्षात ठेवावे. चवथीला आपण गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधतो. तिची लाकडी चौकट छताला असते, म्हणजे सुरीच्या वर. नव्या घरांच्या प्लॅनवर ती नसते, म्हणून बांधताना कड्याही राहतात, आणि मग चवथीच्या आदल्या रात्री पंख्याच्या हुकाला काथ्या बांधण्याची कसरत चालते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी एका घराच्या हॉलमध्ये तुटक रेघांचा चौकोन काढून आत ‘माटोळी’ लिहिले. परवान्यासाठी कागद गेले तिथून फोन आला, ही टाकी कसली दाखवली आहे म्हणून. त्यांना समजावले. त्यांच्या घरीही चवथ असते, लगेच समजले. नाव असले की वस्तू राहते. वसरीचे ‘सिट-आऊट’ झाले तेव्हा सोपो गेला, कारण सिट-आऊटमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतात. बाळंतिणीची खोली ‘स्टोअर’ झाली तिचे मला दुःख नाही. ती काळोखी खोली गेली ते बरेच झाले.

एक कबुली आणखी. परवान्याच्या प्लॅनवर जे पाडायचे ते पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवायचे आणि जे नवे बांधायचे ते लाल रंगाने भरायचे, अशी रीत आहे. आमच्या ऑफिसात सर्वांत लवकर झिजायची ती पिवळी पेन्सिल. किती राजांगणांवर मी ती फिरवली त्याचा हिशेब ठेवला नाही.

आमच्या घराचे पुढे काय झाले ते विचाराल. मोरी मोकळी झाली. प्लॅन मी पुन्हा काढला, तुटक रेघ घातली, तिच्यावर ‘मोरी’ लिहून बाजूला ‘कानु’ही लिहिले. वाट्याची रेघ राजांगणातून उठवून चौघांच्या सामाईकात टाकायला मात्र अकरा वर्षे आणि दोन वकील लागले. काकी तोवर नव्हती.

आता मूळ कारण. तुमच्या लेखात म्हटले आहे की त्या घराचा होमस्टे होणार असून राजांगणात नवी फरशी घालण्याचे काम पावसाआधी संपवायचे आहे. मी भिंग लावून तुमचे चित्र पाहिले. राजांगणाच्या वायव्य कोपऱ्यातून (बाण कापलेला असला तरी देवघराचे तोंड पूर्वेला धरून मी दिशा लावल्या) एक फिकट तुटक रेघ निघते, स्वयंपाकघराखाली शिरते आणि चित्राच्या कडेला, जिथे तुमच्या चित्रकाराने कात्री चालवली, तिथे संपते. तिच्यावर काही लिहिलेले आहे, पण छपाईत अक्षरे फुटली आहेत. त्या घरच्या मंडळींचा पत्ता आपल्या वार्ताहराकडे असेलच. चुकीची दुरुस्ती छापायची की नाही ते आपण ठरवा, पण त्यांना फोन आजच करावा. कोपऱ्यातले भोक बुजवू नका, एवढेच सांगायचे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, फोंडा

(नाव छापू नये. पूर्वेकडचा चुलतभाऊ आपलाच पेपर घेतो.)